हुतात्म्याच्या विधवेला दोन साक्षीदार हवेत

आमच्या किलटबर गावात दोन प्रकारची माणसं राहतात, डिंकवाली आणि टाचणीवाली. ईस्टरच्या रविवारी कोटावर कागदी लिलीचं फूल लावायचं, एकोणीसशे सोळा सालच्या बंडात गेलेल्यांची आठवण म्हणून, ही जुनी रीत. सत्तर साली प्रजासत्ताकवाल्यांच्या सेनेत फूट पडली. एका गटानं फुलाच्या पाठीला डिंक लावून आणला, दुसऱ्यानं बापजाद्यांची टाचणी सोडली नाही. तेव्हापासून समोरून माणूस आला की आधी त्याच्या छातीकडे बघायचं आणि मग त्याच्याशी हवापाण्याचं बोलायचं की नाही ते ठरवायचं. माझं दुकान पुढे किराण्याचं आणि मागे बारचं. खिडकीकडच्या टोकाला डिंक बसतो, शेकोटीकडच्या टोकाला टाचणी, आणि मध्ये मी ग्लास पुसत उभी असते.

दोघांना एकच हवं आहे, हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल भांडण कशावरून. इंग्रजाला हाकला, उत्तरेचे सहा परगणे परत आणा, मधली सीमा पुसा, अख्ख्या बेटाचं एक प्रजासत्ताक करा. डिंकवाले वर म्हणतात की त्यात बँका आणि जमिनी कामकऱ्यांच्या झाल्या पाहिजेत. टाचणीवाले म्हणतात, आधी बंदूक, बँकांचं मागाहून बघू. बस्स. एवढ्यावर सख्ख्या भावांनी एका बाकावर प्रार्थनेला बसणं सोडलं.

हे खूळ आजचं नाही. माझ्या आजोबांनी फीनियन ब्रदरहुडची, म्हणजे इंग्रजाविरुद्धच्या गुप्त संघटनेची, शपथ घेतली होती, दिवा मालवून, हात बायबलवर ठेवून. अठराशे सदुसष्टच्या मार्चात उठाव करायचा ठरला आणि नेमकं तेव्हाच बर्फ पडलं. आजोबा भाला घेऊन टेकडीवर गेले आणि सर्दी घेऊन परत आले. इंग्रजाला बातमी आधीच लागली होती. आमच्या प्रत्येक गुप्त बैठकीत पहिल्या रांगेत फितूर बसलेला असतो आणि तोच सगळ्यात मोठ्यानं गाणं म्हणतो. पुढे सोळा साली डब्लिनच्या पोस्टाच्या दारात प्रजासत्ताक जाहीर झालं. जाहीर करणाऱ्यांना इंग्रजानं भिंतीशी उभं करून मारलं आणि गावंच्या गावं पेटली. ते खोटं नव्हतं. माझा बाप त्यात होता आणि त्याला मी हसत नाही. पण एकवीस साली तह झाला, निम्म्यांनी मानला, निम्म्यांनी नाही, आणि इंग्रजाला घातल्या नसतील तेवढ्या गोळ्या आम्ही एकमेकांना घातल्या. ज्यांनी तह मानला नाही त्यांच्या मते डब्लिनचं सरकार खोटं, बेलफास्टचं खोटं, लंडनचं तर विचारूच नका. खरं सरकार म्हणजे त्यांची मूठभर माणसांची गुप्त समिती. प्रजासत्ताक तिच्याकडे सोवळ्यातल्या पाण्यासारखं हातोहात आलेलं आहे, कुणी शिवायचं नाही. सोळा सालच्या त्या जाहीरनाम्यात बायकांनाही बरोबरीचा हक्क दिला होता. तो वाचून झाल्यावर बायका चहा टाकायला गेल्या, त्या अजून परत आलेल्या नाहीत.

त्यातलीच एक डीलिया मलव्ही.

डीलिया माझ्या शेजारची. शिवणकाम करायची. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनसाठी पोरींचे झगे, पाद्र्यांचे अंगरखे, आणि प्रजासत्ताकवाल्यांचे काळे हातमोजेही फाटले की तिच्याकडेच यायचे. हाडापेरानं मोठी, पाय असे की बूट पुरुषांच्या दुकानातून आणावे लागत. हसायला लागली की माझ्या फडताळातल्या कपबशा वाजायच्या. तरुणपणी नाचात तिच्यासारखी कुणी नव्हती. फिंटन मलव्हीशी लग्न झालं आणि तीन वर्षांत ती विधवा झाली. विधवा म्हणजे साधी नव्हे, हुतात्म्याची.

फिंटन कसा गेला ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच बोलत नाही. सत्तावन्न सालच्या जानेवारीत सीमेपलीकडची इंग्रजांची जकातचौकी उडवायची ठरली. डब्लिनहून एक अधिकारी नकाशा घेऊन आला. त्या नकाशावरची सीमेची रेघ त्यानं दाढीच्या पात्यानं खरवडून काढली होती. का? तर जी सीमा आपण मानत नाही ती नकाशात दाखवली तर तिला मान्यता दिल्यासारखं होतं. तत्त्व म्हणजे तत्त्व! त्यात पडलं धुकं. पोरांनी रेघ नसलेला नकाशा घेऊन रेघ शोधली आणि अलीकडच्याच, आपल्याच एका म्हाताऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याखाली सुरुंग लावला. तो म्हातारा चळवळीला दर वर्षी वर्गणी द्यायचा. सुरुंग उडेना, म्हणून काय झालं ते बघायला फिंटन परत गेला, आणि मग तो उडाला.

फिंटन सव्वीस वर्षांचा होता. गळा गोड होता. डीलियाला उचलून गिरक्या घ्यायचा, आणि तिला उचलणं खायचं काम नव्हतं. तो गेला याचं मला आजही वाईट वाटतं, आणि ज्यानं ती रेघ खरवडली त्याच्या तोंडावर मी उकळती किटली ओतली असती. तो पुढे पुढारी झाला.

थडग्यावर कोरलं, 'सीमेवर शत्रूशी लढताना वीरमरण'. गाणंही रचलं. गाण्यात बंदुका आहेत, पहाट आहे, आईचे अश्रू आहेत. कोंबड्या नाहीत. आणि दर ईस्टरला थडग्यावर पुष्पचक्र वाहायचं ते डीलियानं. चळवळीनं तिला काळा कोट शिवून घ्यायला कापड दिलं. शिवला तिनंच. मग तिनं नाचात जाणं बरं दिसेना, जत्रेत जाणं बरं दिसेना, मोठ्यानं हसणं तर मुळीच. माझ्याकडे हसू आलं की ती पिठाच्या गोण्यांमागे जायची. चौदा वर्षं बाईनं गोण्यांमागे हसून काढली.

सुरुंग उडाला त्या रात्री फिंटनला घरी आणलं ते सार्जंट जेरॉम प्रायरनं. हा दक्षिणेकडचा, केरीचा, आपल्याच सरकारचा पोलीस. म्हणजे प्रजासत्ताकवाल्यांच्या हिशेबी इंग्रजापेक्षा वाईट. त्यानं आपला ओव्हरकोट फिंटनच्या अंगावर घातला होता आणि तो कोट पुन्हा कधी मागितला नाही. त्या वर्षापासून दर हिवाळ्यात डीलियाच्या दाराशी जळणाची एक गोणी यायची. ठेवणारा दार वाजवत नसे. निवृत्त झाल्यावर मात्र त्यानं वाजवलं. मग माझ्या दुकानात दोघं पत्ते खेळायला बसू लागली. सार्जंटला पत्ते येत नव्हते आणि डीलिया उघडउघड लबाडी करायची. त्याला ती कळायची, तरी तो हरायचा.

एकदा पत्ते पिसताना तो मला म्हणाला, "ब्रीडबाई, तुम्ही जरा कान बंद करता का?"

"माझे कान दुकानाच्या परवान्यात येतात सार्जंट. बंद नाही करता येत."

"बरं, मग ऐका." आणि डीलियाकडे वळून म्हणाला, "माझ्याकडे पेन्शन आहे, कोबीचा वाफा आहे आणि गुडघा दुखतो. करशील का लग्न?"

डीलिया पिठाच्या गोण्यांकडे गेली नाही. तिथंच बसून हसली. बारच्या दोन्ही टोकांना ग्लास थांबले.

दुसऱ्या दिवशी चमत्कार झाला. डिंकवाल्यांचा म्होरक्या म्हणजे शाळेचा मास्तर ऑलिव्हर शॅनली. टाचणीवाल्यांचा, बार्टली मॅकगॅरी खाटीक. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे एका छत्रीखाली डीलियाच्या दारात उभे. मी तिथं झग्याची मापं द्यायला गेले होते, ती मुद्दाम सावकाश दिली.

मास्तर म्हणाला, "मिसेस मलव्ही, हा प्रश्न वैयक्तिक राहिलेला नाही. तुम्ही इतिहासाचा भाग आहात. जनतेचा ठेवा आहात."

"ठेवा? अहो मास्तर, ठेवा लोक कुलपात ठेवतात."

बार्टली सरळ मुद्द्यावर आला. "पोलिसाशी लग्न, डीलिया? ज्यानं फिंटनला दोनदा आत टाकलं त्याच्याशी?"

"आत टाकलं तेव्हा तो जिवंत होता, बार्टली. तुम्ही बाहेर नेलंत तेव्हा मेला."

बार्टली लाल झाला. "एवढंच सांगतो. या गावात कुणी तुझ्या लग्नाला साक्षीदार उभा राहणार नाही. बघतोच मी."

"याबाबत आमच्यात पूर्ण एकमत आहे," मास्तर म्हणाला. एकमत हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

धमकी पोकळ नव्हती. बहिष्कार ही आमच्याच मातीत पिकलेली वस्तू आहे, जमीनदारांवर आम्ही ती पहिल्यांदा वापरली आणि आता वापरायला जमीनदार उरले नाहीत म्हणून शिंपिणीवर. फादर क्विल्टी म्हणाले, "मी लग्न लावतो, डीलिया. पण दोन साक्षीदार आण, आणि उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आत आण. त्यानंतर ईस्टरपर्यंत मला जमणार नाही." डीलिया दारोदार फिरली. एकाची गाय आजारी, दुसरीचा हात मुरगळला, तिसरा त्या दिवशी स्लायगोला जाणार होता, जो जन्मात स्लायगोला गेला नव्हता. मी म्हटलं, "अगं, मी राहते उभी." तर म्हणाली, "तुझं दुकान जाळतील, मग मी साखर कुठून आणू?"

त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि पहिल्यांदा रडली. "ब्रीड, मी त्रेचाळीस वर्षांची आहे. तीन वर्षं मी फिंटनची बायको होते आणि चौदा वर्षं त्याच्या थडग्याची. आता हा माणूस हातचा गेला तर मी त्या दगडाशेजारी उभी राहून दगड होईन बघ." मी तिच्यापुढे केक सरकवला. तिनं नाक पुसलं, केक खाल्ला आणि थोड्या वेळानं विचारलं, "काय गं, या दोघांना जास्त राग कुणाचा? इंग्रजाचा की एकमेकांचा?"

"हे काय विचारणं झालं? इंग्रज लांब राहतो."

तिनं डोळे बारीक केले. पत्त्यात लबाडी करताना करायची तसे.

शनिवारी बार भरलेला असताना ती मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "ऐका सगळे. ईस्टरला थडग्यापाशी दोन सभा होणार, मला माहीत आहे. जी बाजू माझ्या लग्नाला साक्षीदार देईल, त्या बाजूचं पुष्पचक्र मी वाहीन. दुसरीनं आपली विधवा शोधावी." आणि निघून गेली. दोन्ही टोकांना हशा पिकला. पण हसता हसता खिडकीनं शेकोटीकडे बघून घेतलं आणि शेकोटीनं खिडकीकडे.

पुढचं काम माझं होतं आणि ते मी मन लावून केलं. सोमवारी मास्तर तंबाखू घ्यायला आला. मी पुडी बांधता बांधता म्हटलं, "बार्टली सूट इस्त्रीला टाकून गेला म्हणे. कुणाचं लग्न आहे हो?" मास्तराचा चेहरा खडूसारखा झाला. दुपारी बार्टली आला. त्याला म्हटलं, "मास्तर उद्या शाळा उशिरा भरवणार आहेत. कुठे जायचं असेल एवढ्या सकाळी? तुमच्याकडची माणसं साधी हो, मास्तर पुस्तकं वाचतात. विधवा हातात असली की अख्खा जिल्हा हातात, हे त्यांना बरोबर कळतं."

"तो नाही जायचा," बार्टली म्हणाला. "त्याची हिंमत नाही."

"मग बरंच झालं," मी म्हटलं आणि त्याला साखर तोलून दिली.

मंगळवारी सकाळी, उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, गारठ्यात आम्ही चर्चमध्ये उभ्या. आमच्याकडे लग्नाचा मुहूर्त पूर्वीपासून हाच. सार्जंटनं दाढी करताना दोनदा कापून घेतलं होतं. डीलियानं निळा झगा घातला होता. फादर घड्याळाकडे बघत होते. कुणी येईना. मला वाटलं, झालं, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

एवढ्यात बाजूचं दार करकरलं आणि बार्टली आत आला. कोटाखाली खाटकाचा एप्रन तसाच. दोन पावलं येतो न येतो तोच मोठ्या दारातून मास्तर, कॉलर वर केलेली, चोरासारखा.

"तू?" मास्तर म्हणाला.

"तू?" बार्टली म्हणाला.

दोघं जागच्या जागी खिळले. परत फिरावं तर पुष्पचक्र दुसऱ्याचं. थांबावं तर पोलिसाच्या लग्नाचे साक्षीदार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

फादर क्विल्टी म्हणाले, "एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि बार्टली, तो एप्रन काढ, हे देवाचं घर आहे."

असं सार्जंट प्रायरचं लग्न लागलं. त्याच्या एका हाताला शेतकरी-कामकऱ्यांची क्रांती आणि दुसऱ्या हाताला सशस्त्र लढा. दोघांनी सही केली, दुसऱ्याची सही आपल्यापेक्षा मोठी नाही ना ते बघून. नंतर माझ्याकडे घावनं होती. बार्टली म्हणाला मला वेळ नाही, मास्तर म्हणाला शाळा आहे, आणि दोघंही ताट रिकामं होईपर्यंत बसले, कारण आधी कोण उठणार हा प्रश्न होता.

ईस्टरला थडग्यापाशी दोन्ही सभा एकाच वेळी भरल्या. मास्तराचं भाषण लांबलं, बार्टलीची माणसं वेळेवर आली, असं काहीतरी. डीलिया आली. दोघांनी आपापलं पुष्पचक्र पुढे केलं.

"वचन होतं," बार्टली म्हणाला.

"होतं ना. जी बाजू येईल तिचं वाहीन म्हटलं होतं. दोन्ही आल्या. फिट्टंफाट झाली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाला सहा परगणे हवेत, मिळोत बापडे. मला एक माणूस हवा होता." ती एकही पुष्पचक्र न घेता गुडघ्यावर बसली, फिंटनसाठी मनातल्या मनात प्रार्थना केली, वेळ घेऊन केली, आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या सार्जंटकडे निघून गेली. कुणीतरी मागून शिवी हासडली. कोण ते मला माहीत आहे, त्याला त्या आठवड्यात माझ्याकडे तंबाखू मिळाला नाही.

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी जानेवारीत डेरीला इंग्रजांच्या सैन्यानं मोर्च्यावर गोळ्या घातल्या. निःशस्त्र माणसं मारली. त्या दिवशी माझ्या बारमध्ये कुणी कुणाच्या छातीकडे बघितलं नाही. मीही ग्लास आपटून ठेवले आणि इंग्रजाला नाही नाही ते बोलले. दुसऱ्या आठवड्यात बार्टलीच्या दुकानामागे पोरांची रांग लागली, आणि ती मटणासाठी नव्हती. त्या रांगेत शे कीनी नावाचा पोरगा होता, कोपऱ्यावरच्या सुताराचा. बायको इटा, वीस वर्षांची. नोव्हेंबरात, इटा पोटुशी असताना, शे सीमेपलीकडे गेला आणि स्वतःच नेलेल्या बाँबनं गेला. या वेळी नकाशा बरोबर होता.

बातमी आली तशी डीलिया हातातला झगा मशिनवर टाकून धावली. मी मागोमाग. इटा खाटेच्या कडेवर बसली होती, पायात एकच मोजा. डीलियानं दुसरा शोधून तिच्या पायात चढवला आणि शेजारी बसून राहिली. मी चहा टाकला. थोड्या वेळानं दार वाजलं. डीलिया उठली आणि दार अर्धंच उघडून आडवी उभी राहिली. तिच्यासारखी बाई दारात उभी राहिली की आतलं काही दिसत नाही.

बाहेर बार्टली. डोक्यावर काळी टोपी, हातात काळे मोजे, काखेत घडी घातलेला झेंडा. मागे दोन पोरं, रडून डोळे सुजलेली.

"इटाशी बोलायचंय," तो म्हणाला. आवाज मऊ होता, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं, तेही खोटं नव्हतं. "शवपेटीवर झेंडा घालायला घरच्यांची परवानगी लागते. आणि रविवारी तिनं पुढे चालायचं आहे. कोटाचं कापडही आणलंय."

"ती तुमची कोणी लागत नाही."

"डीलिया, तिला लोकांचा आधार लागेल. सगळं गाव तिच्या पाठीशी उभं राहील. जन्मभर."

"तेच म्हणतेय मी," डीलिया म्हणाली. "जन्मभर."

तो हलला नाही. खाटेवरून इटानं मान वर केली.

"मिसेस प्रायर," तिनं विचारलं, "अशा वेळी मी काय म्हणायचं असतं?"

डीलियानं दाराची कड सोडली नाही. नुसती मान वळवली. "नाही म्हणायचं, पोरी. एकदा म्हणून बघ."

इटा म्हणाली. मी हातभर अंतरावर होते, तरी मला ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं म्हण," डीलिया म्हणाली. "तो अजून दारातच उभा आहे."